गोंदेश्वर की अमृतेश्वर?

दोन्ही शिवमंदिरं काळ्या दगडातली, दोन्हींची शिखरं भूमिज शैलीची: चार उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये छोट्या शिखरांच्या चढत्या रांगा. एकच दिवस हाताशी असेल, तर प्रश्न पडतोच.

सिन्नरचं गोंदेश्वर यादवकाळातलं, पंचायतन, म्हणजे पाच देवळांचा समूह. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू, समोर नंदीमंडप. सगळं एकाच उंच जोत्यावर असल्यामुळे प्रदक्षिणा घालता घालता मंदिराची रचना आपोआप उलगडते. खालच्या थरातले हत्ती बघायला मात्र अगदी वाकावं लागतं. नाशिकहून तासाभराचा रस्ता, पण चहूबाजूंनी गाव.

रतनवाडीचं अमृतेश्वर आकाराने लहान. तिथे डोंगरच मंदिराचा परिसर होतो: मागे रतनगड, पुढे भंडारदऱ्याचं पाणी. पावसात कोरीवकाम ओलं होऊन इतकं गडद दिसतं की बारकावे शोधावे लागतात. शेजारच्या पुष्करणीतले (पायऱ्यांच्या कुंडातले) देवकोष्ठ, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, चुकवू नका, लोक घाईत तसेच निघून जातात.

स्थापत्य शिकायचं असेल तर आधी गोंदेश्वर, तेही सकाळच्या तिरप्या उन्हात. मला स्वतःला अमृतेश्वर जास्त जवळचं वाटतं. पावसाळ्यात तिथे शनिवार-रविवार टाळा.