पहिला होम थिएटर रिसीव्हर: यामाहा, सोनी की डेनॉन?

परभणी, लातूर, नांदेडकडचे मित्र रिसीव्हरबद्दल, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पुरवणाऱ्या खोक्याबद्दल, विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॉटचा घेऊ?" प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे आवाज म्हटलं की लग्नाची वरात आणि गणपतीची मिरवणूक डोळ्यांपुढे येते, आणि तिथं हिशोब हजारांतच चालतो. बारा बाय चौदाच्या हॉलचा हिशोब मात्र वेगळा आहे आणि पैसे मोजण्याआधी तो समजून घ्यायला हवा. नाहीतर खोक्यावरचा मोठा आकडा बघून निवड होते आणि घरी आल्यावर सिनेमातले संवादच कळत नाहीत.

मी इथं तीन मॉडेल समोर ठेवतोय: यामाहा आरएक्स-व्ही385, सोनी एसटीआर-डीएच590 आणि डेनॉन एव्हीआर-एक्स580बीटी. पहिले दोन 2018 सालचे, डेनॉन 2022 चा. तिन्ही पाच स्पीकर चालवतात, तिन्हींत ब्लूटूथ आणि एफएम आहे, तिन्हींत वाय-फाय नाही. अ‍ॅटमॉस, म्हणजे छतावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत, तीही तिघांत नाही. त्याची खंत करू नका. अ‍ॅटमॉसचा सिनेमा यांच्यावर लावला तर तो पाच-एकमध्ये (पाच स्पीकर आणि खालच्या दणक्याचा एक सबवूफर) व्यवस्थित वाजतो. छतावरून आवाज हवाच असेल तर सोनीचाच डीएच790 बघा, पण मग आणखी दोन स्पीकर, त्यांची वायर आणि ते लावायला नीट छत, एवढं सगळं लागतं. वर पत्रे असतील तर तो विषय सोडून द्या.

आता वॉट. सोनीच्या खोक्यावर 145 वॉट लिहिलेलं असतं, यामाहा आणि डेनॉनच्या माहितीपत्रकात 70. म्हणजे सोनीची ताकद दुप्पट, असं वाटतं. पण 145 हा आकडा एकच चॅनेल, म्हणजे एकाच स्पीकरची बाजू, चालू ठेवून, एकाच सुरावर, 6 ओहमला मोजलेला आहे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; तो जितका कमी तितके वॉट जास्त दिसतात). दोन चॅनेल चालू ठेवून खालच्या ते वरच्या सगळ्या सुरांत मोजलं तर सोनी स्वतःच 90 वॉट सांगते, तेही 6 ओहमला. यामाहाचे 70 वॉट अशाच मापाचे, 6 ओहमचे. डेनॉनचे 70 मात्र 8 ओहमला मोजलेले आहेत, म्हणून कागदावर यामाहाइतकाच दिसणारा डेनॉन प्रत्यक्षात थोडा दमदार आहे.

पण या सगळ्याचा कानाला फरक किती? 70 आणि 90 वॉटमध्ये जेमतेम एक डेसिबल. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॉट. समजा तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 87 डेसिबल आहे, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर 87 डेसिबल आवाज येतो. तुम्ही तीन मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत त्यातले साडेनऊ कमी होतात. 16 वॉट दिले की बारा वाढतात. म्हणजे 16 वॉटमध्ये तुमच्या कानाशी एकाच स्पीकरचे जवळजवळ 90 डेसिबल येतात, आणि बंद खोलीत भिंतींमुळे त्याहूनही जास्त. शेजारचे दार ठोठावतील एवढा हा आवाज आहे. तेव्हा वॉटवरून या तिघांत निवड करू नका. त्यापेक्षा 85 च्या जागी 88 डेसिबलचा स्पीकर घ्या. तीन डेसिबल वाढले म्हणजे रिसीव्हरची ताकद दुप्पट केल्यासारखं झालं, आणि तेही वीज न वाढवता.

माझं मत आधीच सांगतो: आपल्याकडच्या बहुतेक घरांना यामाहा बसेल. कारण आहे खोली.

लातूर-धाराशिवकडं जुनी माळवदाची घरं होती. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सर आणि माती. त्या खोल्यांत आवाज घुमत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागात घरं बांधायची पद्धतच बदलली आणि आज गावोगावी सिमेंटच्या सपाट भिंती, स्लॅब किंवा पत्रे आणि खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतात. अशा रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा फडफडाट ऐकू आला, तर तोच फडफडाट सिनेमातल्या प्रत्येक शब्दामागं येणार. मग आपण आवाज वाढवतो, मारामारी सुरू झाली की पुन्हा कमी करतो आणि रिमोट हातातून सुटत नाही.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे: स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा दोन वाकळी, समोरच्या भिंतीला नाही तर निदान खिडक्यांना जाड पडदे. दुसरा उपाय रिसीव्हरमध्ये असतो. यामाहाच्या खोक्यात एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा, पंखा-कूलर बंद करायचा, घरच्यांना दोन मिनिटं गप्प बसवायचं. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडून अंतर, पातळी आणि सूर जुळवून घेतो. शिंपी माप घेऊन सदरा शिवतो तसंच हे, तयार सदऱ्यापेक्षा अंगाला नीट बसतं. सोनीतही असाच माइक मिळतो आणि तोही काम करतो. डेनॉनच्या बाबतीत मी मापं टेपनं घेऊन हातानंच भरतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, त्यामुळं पाच-दहा सेंटिमीटरची चूक झाली तरी काही बिघडत नाही.

माप झाल्यावर दोन गोष्टी स्वतः तपासा. एक, रिसीव्हरनं तुमच्या स्पीकरना 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. खालचा दणका सबवूफरचं काम आहे. दोन, सेंटर, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या, स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वर न्या. संवाद बहुतेक सेंटरमधूनच येतात. साऊथचे डब सिनेमे बघणाऱ्या घरांत या एका बदलानं आई-वडिलांची "काय म्हणला तो?" ही तक्रार थांबते.

डेनॉन कुणी घ्यावा? ज्यांच्या घरी प्लेस्टेशन 5 किंवा नव्या पिढीचा एक्सबॉक्स आहे आणि 120 हर्ट्झचा टीव्ही आहे, त्यांनी सरळ डेनॉन घ्यावा. 4के 120 फ्रेमला, व्हीआरआरसह (चित्र अडखळू नये म्हणून टीव्हीचा वेग गेमशी जुळवणारी सोय), पुढं पाठवणारा या तिघांत तो एकटाच. बाकी दोघं 4के 60 वर थांबतात. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतूनच रिसीव्हरकडं परत आणणाऱ्या सोयीला आर्क म्हणतात. डेनॉनमध्ये तिचा सुधारलेला प्रकार, ई-आर्कही आहे. पण तुम्ही टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमे बघत असाल तर साधा आर्क पुरतो, कारण ओटीटीवरचा दाबलेला पाच-एक आवाज त्यातून जातो. ई-आर्कचा खरा उपयोग ब्ल्यू-रेसारखा न दाबलेला आवाज टीव्हीतून परत आणताना होतो. आणि ब्ल्यू-रे प्लेअर असेलच तर तो थेट रिसीव्हरला जोडता येतोच. 8के असं खोक्यावर लिहिलंय म्हणून कुणी जास्त पैसे देऊ नका.

सोनीची जमेची बाजू तिचा आकार. उंची तेरा-चौदा सेंटिमीटर, खोली तीस सेंटिमीटरच्या आत. आपल्याकडच्या शोकेसच्या टीव्हीखालच्या कप्प्यात यामाहा नीट मावत नाही तिथं सोनी मावतो. दोन सबवूफरची सोयही आहे, डेनॉनसारखीच, तर यामाहात एकच. पण लहान हॉलमध्ये एक चांगला सबवूफर दोन फुसक्यांपेक्षा केव्हाही बरा. यामाहाचा इंटरफेस मात्र सोनीपेक्षा मला सरळ वाटतो आणि त्याचा सूर संवादाला मोकळा वाटतो. हे माझ्या कानाचं मत, तुम्ही दुकानात स्वतः ऐकून बघा.

कुठलाही घेतलात तरी शोकेसच्या काचेमागं कोंडू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 ला जातो आणि रिसीव्हर वरच्या जाळीतून गरम हवा सोडतो. वर निदान वीतभर जागा मोकळी हवी आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स, राउटर, देवाचा फोटो, काहीही ठेवायचं नाही. धुळीसाठी महिन्यातून एकदा प्लग काढून कोरडा ब्रश फिरवा.

विजेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण रिसीव्हर खराब होतो तो बहुतेक इथंच. मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. 180 ला रिसीव्हर फार तर बंद पडेल, पुन्हा चालू होईल. खरी भीती उलटी असते. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात 230 च्या जागी 400 च्या जवळ जाऊ शकतं आणि साधा एमसीबी ते ओळखत नाही. म्हणून जास्त व्होल्टेजला तोडणारा स्टॅबिलायझर आधी घ्या, मग रिसीव्हर. ज्या गावात डीपी वरचेवर जळते तिथं तर हा खर्च टाळूच नका. वळवाचं आभाळ भरून आलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही. विजा चमकायच्या आधीच प्लग काढा आणि डिशची वायरही सेट-टॉप बॉक्सपासून काढा, कारण छतावरच्या छत्रीतून आलेला झटका एचडीएमआयनं थेट रिसीव्हरपर्यंत पोचतो. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण स्पीकरमध्येही येते. लाईट असतानाही 'हम्म' येत असेल तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. बिघाड रिसीव्हरचा असेलच असं नाही.

साउंडबारचं काय? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना, किंवा भिंतींवरून वायर नको म्हणणाऱ्यांना साउंडबार योग्यच. पण तो बिघडला की सगळाच बिघडतो. रिसीव्हरच्या मांडणीत आज दोन स्पीकर, दिवाळीला सेंटर, पुढच्या हंगामाचे पैसे आले की सबवूफर, असं वाढवत जाता येतं. आपल्याकडं सोयाबीन-कापसाच्या पैशावर घर चालणाऱ्यांना हे टप्पे फार सोयीचे पडतात. बाजारात मिळणारे सहा आरसीए तारांचे, पेन ड्राइव्ह आणि लाईटवाले '5.1' अ‍ॅम्प्लिफायर याच पंक्तीत धरू नका. त्यातल्या पुष्कळांत डॉल्बीचा डीकोडर, म्हणजे दाबलेला पाच-एक आवाज उलगडणारा भाग, नसतो. साध्या स्टिरिओचाच आवाज ते पाच ठिकाणी वाटतात. गाण्यांना चालतील, सिनेमाला नाही.

एकूण बजेटमधला निम्म्याहून जास्त भाग रिसीव्हरवर जाऊ देऊ नका. जुन्या डबाबंद होम थिएटरचे छोटे स्पीकर याला जोडायचा मोह होतो. ते बहुतेक 3 किंवा 4 ओहमचे असतात, तर असे रिसीव्हर साधारणपणे 6 ओहमपासून पुढच्यांसाठी असतात. कमी ओहमवर ते तापतात आणि प्रोटेक्शनमध्ये जातात, म्हणजे स्वतःहून बंद पडतात. त्या संचातला सबवूफरही सहसा चालत नाही, कारण इथं स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला, वेगळा प्लग असलेला सबवूफर लागतो. वायरीवर मात्र उधळपट्टी नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातली 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर आपल्या हॉलमधल्या अंतरांना छान चालते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. टोक खरवडून आत पांढरं दिसतं का ते बघा.

खरेदीला जाताना फोन करून विचारा की तुमच्या गावाला सर्वांत जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठलं, आणि तिथवर सात-आठ किलोचं खोकं न्यायची तुमची तयारी आहे का. जवळ ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे तिच्याकडं झुकायला माझी हरकत नाही, माझं मत यामाहाच्या बाजूनं असलं तरी. स्वस्तात मिळतोय म्हणून अमेरिकेतून आलेला सेट घेऊ नका. तिकडचा सेट 120 व्होल्टचा असतो आणि आपल्या प्लगला लावला की त्याच क्षणी जळतो. डेनॉनमध्ये हे नावावरूनही ओळखता येतं: हाच रिसीव्हर तिकडं एव्हीआर-एस570बीटी या नावानं विकला जातो. बाकी दोघांच्या नावात असा फरक दिसणार नाही. म्हणून दुकानातच खोकं उघडून मागच्या पट्टीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ छापलंय का ते वाचा, तिथला सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि यामाहा किंवा सोनी असेल तर माइक खोक्यात आहे याची खात्री करून मगच पैसे द्या.