मशीन की पिशव्या? अकोल्याच्या उन्हाळ्यातला हिशोब

"आता डायलिसिस" असं डॉक्टरांनी म्हटलं की "कुठलं?" असं सहसा कुणी विचारत नाही. किडनी निकामी झाली की रक्त साफ करायचं ते मशीनवरच, आपल्याकडे हे धरूनच चालतात. पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, असंही काही असतं हे मला शेजारच्या बेडवरच्या पेशंटकडून कळलं. त्यात पिशवीतलं द्रावण नळीने पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढून नवं भरायचं, घरच्या घरी. चौदा महिने मी मशीनवर काढले, आता दोन वर्षं पिशव्यांवर आहे. किडनी बसवण्यासाठी नागपूरच्या यादीत नाव आहे, किडनी मिळेल तेव्हा मिळेल. तुम्हीही डायलिसिसवाले असाल तर बाकीचे शब्द एव्हाना पाठ झाले असतील, ते सांगत बसत नाही.

संशोधन काय म्हणतं ते आधी उरकून टाकतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ठरवलं की कोण मशीनवर आणि कोण पोटाच्या डायलिसिसवर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं आणि मग दोन्ही गटांची तुलना करायची. 773 पेशंट त्यात बसत होते, तयार झाले फक्त 38. बाकीच्यांचं म्हणणं एकच, आमचं आम्ही ठरवू. 2003 मध्ये तो अभ्यास छापून आला. मी गणिताचा मास्तर आहे. अडतीस जणांवरून निष्कर्ष मी दहावीच्या पोरालाही काढू देत नाही. बाकी बहुतेक अभ्यास नोंदींवरचे, आणि पिशव्यांकडे बऱ्याचदा जरा धडधाकट माणसं जातात, म्हणजे तराजू आधीच कललेला. तेव्हा आयुष्य कशात जास्त, या प्रश्नावर फार झोप उडवू नका असं मला वाटतं.

माझं ठरलं ते तहानेवरून.

सुयांची सवय होते. चार तास पडून राहायचीही होते. पण किडनी पाणी पुरतं बाहेर टाकत नाही, म्हणून मशीनवर असताना मला दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलं होतं. त्यात चहा आला, वरण आलं, भाजीचा रस्सा आला. डिसेंबरात हे जमतं. मे महिन्यात अकोल्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, स्वयंपाकघरातला माठ झिरपताना दिसतो आणि माणूस वेडा व्हायचा राहतो. मी बर्फाचे खडे मोजून चोखायचो. लिंबाची फोड जिभेवर धरायचो. घरातले लोक माझ्यासमोर पाणी प्यायचे थांबले होते, त्याचा तर जास्तच त्रास व्हायचा.

मशीनवर जायचे माझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार ही मोठी खिंड. सोमवारी काट्यावर उभा राहिलो की टेक्निशियन पोरगा विचारायचा, "सर, आज किती आणलं?" साडेतीन किलो, कधी चार, सगळं अंगात साठलेलं पाणी. ते चार तासांत ओढून काढायचं म्हणजे तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा यायचा, बीपी खाली जायचं, आणि घरी आल्यावर मंगळवार दुपारपर्यंत मी पिळलेल्या फडक्यासारखा. ही खिंड नुसती माझ्या मनातली नव्हती, हे मागाहून वाचलं. अमेरिकेतल्या 32 हजार पेशंटांच्या 2011 च्या अभ्यासात, मोठ्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरामागे 22.1 निघालं, बाकीच्या दिवशी 18. त्यानंतर शनिवारपासूनच माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची.

पिशव्यांत ही खिंडच नाही. पोटातल्या पडद्यातून पाणी रोज थोडंथोडं निघतं. लघवीही जास्त काळ टिकते म्हणतात. माझी अजून दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास होते, आणि तिची किंमत किती आहे हे डायलिसिसवाल्यालाच कळतं. वीज गेली तरी काही अडत नाही. दुपारची पिशवी मी शाळेत बदलतो. मुख्याध्यापकांनी त्यासाठी साहित्याची खोली मोकळी करून दिली आहे.

आता उलटी बाजूही सांगायला हवी. महिन्याचे खोके आले की अर्धी खोली त्यांनीच भरते. शेजारच्या काकू पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, "बाप्पा, दुकान टाकता का काय?" द्रावणात साखर असते, त्यामुळे माझं पोट सुटलं. मधुमेह असेल तर डॉक्टरांशी यावर आधी नीट बोला. आणि जंतुसंसर्गाची भीती कायमची. मला एकदा झाला, चूक माझीच. नळी जोडताना फोन वाजला, मान वळली, टोकाला बोट लागलं. तिसऱ्या दिवशी पिशवी गढूळ आली. निघालेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून खालची अक्षरं वाचता येतात का बघायचं असतं. त्या दिवशी मथळासुद्धा दिसेना. पोट इतकं दुखलं की सरळ उभं राहवेना. दोन आठवडे पिशवीतूनच अँटिबायोटिक घेतलं. तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत.

पैशाचं म्हणाल तर ज्यांचं मशीन महात्मा फुले योजनेत बसतंय, त्यांनी शांतपणे विचार करावा. माझ्या पिशव्यांचं बिल माझ्या खिशातून जातं आणि ते जाणवतं. हात थरथरत असेल, पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील, घरात बंद होणारी स्वच्छ खोली नसेल, तर मशीनच बरं. आमच्या सेंटरवर एक काका आहेत, त्यांना मुळात तहानच लागत नाही. म्हणतात, "चार तास तुमच्यासारख्यांशी गप्पा होतात, मग दोन दिवस मी राजा. घरी कशाला दवाखाना मांडू?" त्यांना मी पिशव्यांचा आग्रह कधी केला नाही, आणि करणारही नाही. पण तुम्ही विदर्भात राहत असाल, लघवी अजून थोडीफार होत असेल आणि काट्यावर चढायची धास्ती वाटत असेल, तर एकदा तरी पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारून या. डॉक्टर आपणहून विषय काढतीलच असं नाही.

पिशव्यांची एक चीड मात्र दोन वर्षांनीही गेलेली नाही. बदलताना धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, कूलर बंद, दार-खिडक्या बंद. जुनं पाणी उतरायला वीसेक मिनिटं, नवं भरायला दहा. मे महिन्यातल्या संध्याकाळी सहाला त्या खोलीत मास्क लावून बसलं की पाठीवरून घामाचे ओघळ सुटतात. मग टोपण लावतो, दार उघडतो, कूलर सुरू करतो आणि माठाकडे जातो. पाण्याला मर्यादा इथेही आहे, सकाळचं वजन वहीत लिहावं लागतंच. पण ग्लास आता मी भरून घेतो.