दत्तक संस्थेचा अनुभव : ४ स्टार, वेटिंगचा राग त्यांच्यावर काढू नका

संस्थेचं नाव टाकत नाही, लेकीचा विषय आहे. पण दत्तकचा विचार चालू असेल तर वाचा.

होम स्टडीला, म्हणजे घर आणि आम्हाला बघायला, आलेल्या संस्थेच्या ताई एकदम भारी. सासूबाईंनी आदल्या दिवशी फरशी घासघासून चकाचक केली आणि ताईंनी विचारलं काय, तर तुम्ही दोघं भांडता कशावरून! फोन मात्र कोणी उचलेल तर शपथ, एक स्टार त्याचाच कापलाय.

आता वेटिंग. लोक शिव्या घालतात की संस्था मुद्दाम लांबवते. अहो नंबर संस्था लावतच नाही, सगळं काराच्या (दत्तकचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवरून होतं, देशभरात 30 हजारांच्या वर आईबाप रांगेत आहेत आणि दत्तक द्यायला कायद्याने मोकळी झालेली मुलं त्यामानाने अगदीच थोडी. मुळात तान्ही बाळंच कमी येतात.

का ते तिथल्या जुन्या मावशींनी सांगितलं. पूर्वी कुमारी मातांची खोली भरलेली असायची, पोट दिसायला लागलं की घरचे 'नोकरीला गेलीये' सांगून मुलीला इथे आणून सोडायचे, बाळंत झाली की बाळ ठेवून ती परत. (सोय जुनीच, फुल्यांनी पुण्यात 1863 ला काढलेली, तेव्हा विधवांसाठी.) गर्भपाताचा कायदा 1972 ला लागू झाला तरी हे एका रात्रीत थांबलं नाही, कारण गर्भनिरोधक फसलं हे कारण त्यात फक्त लग्न झालेल्या बाईला होतं, बिनलग्नाच्या मुलीला मानसिक त्रासाच्या कलमातून जावं लागायचं आणि गावच्या दवाखान्यात गेलं की बोभाटा. मग हळूहळू खाजगी दवाखाने वाढले, गोळ्या आल्या, 2021 च्या दुरुस्तीत ती लग्नाची अटही गेली. आता त्या खोलीत दोन कॉट आणि बाकी डायपरचे खोके. येतात त्या उशिरा कळलेल्या, काही तर अठराच्या आतल्या, पोलीस केस झालेल्या.

आमच्या मीटिंगला एक गृहस्थ म्हणाले गर्भपात बंद करा, आपले नंबर पटापट लागतील. म्हणजे कोणाच्या तरी पोरीने आपल्यासाठी नऊ महिने लपून काढायचे? ताईंनी शांतपणे सांगितलं की बाळ सोपवल्यावरही आईला फेरविचाराला 60 दिवस असतात आणि ती परत न्यायला आली तर आम्हाला आनंदच होतो. यासाठी पाचवा स्टार द्यायला हवा होता खरं तर, पण फोन!

फोनच्या नादी लागू नका, सकाळी अकरानंतर सरळ जाऊन धडका, झेरॉक्स बाहेरूनच काढून न्या, पार्किंग नाहीये.