स्ट्राँग बिअरला जास्तीचं यीस्ट आणायचं कुठून: दोन-तीन पाकिटं, स्टार्टर की आधीच्या बॅचचा गाळ?

1.080 च्या वरच्या घनतेची (साखर जितकी जास्त तितका हा आकडा मोठा) बिअर पहिल्यांदाच करताय आणि हातात यीस्टचं एकच पाकीट आहे? मग त्या दिवशी वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) उकळायला घेऊच नका. मी घेतलं होतं. 1.092 ची बार्लीवाइन (एक खूप स्ट्राँग बिअर), त्यात 11.5 ग्रॅमचं एक पाकीट, आणि पंधरा दिवसांनी हायड्रोमीटर (ही घनता मोजायचं उपकरण) 1.038 वर जो अडला तो अडलाच. चव पाकासारखी गोड, वर नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा. घाबरून अजून एक पाकीट कोरडंच वरून भुरभुरलं तर ढिम्म काही झालं नाही, कारण तोवर आत 7 टक्के अल्कोहोल तयार झालेलं आणि ऑक्सिजन कधीच संपलेला, अशा ठिकाणी नुकतं झोपेतून उठलेलं यीस्ट काय दिवे लावणार! अडकलेल्या बिअरमध्ये टाकायचंच तर आधीच जोरात फसफसत असलेला स्टार्टर (थोड्या पातळ वर्टमध्ये आधी वाढवून घेतलेलं यीस्ट) टाकावा लागतो.

आता हिशेब. एलसाठी (खोलीच्या आसपासच्या तापमानाला आंबणारी बिअर) नेहमीचा ठोकताळा म्हणजे दर मिलिलिटरला, दर डिग्री प्लेटोला (वर्टमधली साखर मोजायचं दुसरं माप) 7.5 लाख पेशी, स्ट्राँगसाठी 10 लाखापर्यंत जायचं. 1.090 म्हणजे ढोबळ 22 प्लेटो, बॅच 20 लिटरची, म्हणजे 330 ते 440 अब्ज पेशी लागतात. लागर (थंडीत आंबवायची बिअर) असेल तर याच्याही पुढे.

कोरडी पाकिटं हा सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता. पाकिटावर ग्रॅममागे कमीत कमी 6 अब्ज असं काहीतरी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून बऱ्याच जास्त पेशी निघतात, त्यामुळे 1.090 ला दोन पाकिटं आणि 1.100 च्या पुढे तीन असं मी धरतो. कोरड्या यीस्टचा एक फायदा लोक विसरतात, पेशींमध्ये स्टेरॉलचा (पेशीच्या आवरणाला लागणारा पदार्थ, जो बनवायला ऑक्सिजन लागतो) साठा आधीच भरलेला असतो म्हणून ऑक्सिजनचं फार टेन्शन नसतं. यीस्ट आधी भिजवायचं की थेट टाकायचं यावर वाद न संपणारे आहेत, साध्या बिअरला मी थेटच टाकतो, पण इतक्या गोड वर्टमध्ये नाही, वजनाच्या दहापट उकळून कोमट केलेलं पाणी घ्यायचं, त्यावर यीस्ट पसरून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग हलकेच ढवळून ओतायचं. अडचण एकच, हव्या त्या जातीचं यीस्ट कोरडं मिळेलच असं नाही.

तिथे स्टार्टर येतो. लिक्विड यीस्टच्या पाकिटात पूर्वीपासून साधारण 100 अब्ज पेशी धरतात (काही कंपन्या आता जास्त देतात), आणि पाकीट जुनं झालं की त्यातल्या जिवंत पेशी कमी होत जातात. लिटरला 100 ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट आटवून केलेली पूड) घालून पातळ वर्ट उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकून स्टर प्लेटवर (फ्लास्कमध्ये टाकलेलं चुंबक फिरवून द्रव ढवळणारं यंत्र) एक-दोन दिवस फिरवायचं, मग फ्रिजमध्ये ठेवून यीस्ट तळाला बसलं की वरचं पाणचट ओतून टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण 2 लिटरच्या एका स्टार्टरने आकडा दुप्पट-अडीचपट होतो, म्हणजे 400 अब्जला पोचायला दोन पाकिटं तरी घ्या नाहीतर दोन टप्प्यांत करा, आणि प्रत्येक टप्प्याला सगळं निर्जंतुक करणं आलंच. शिवाय फ्लास्कमधून ओतताना ते चुंबक डुबुककन फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायचं भांडं) जातं. माझं दोनदा गेलंय. बेल्जियन स्ट्राँगसारखं काही करताय, जिथे अर्धी चव यीस्टचीच असते, तर ही मेहनत वसूल होते, नाहीतर मला त्यात अर्थ दिसत नाही.

आणि तिसरा माझा आवडता. आधी 1.045 च्या आसपासची साधी बिअर करा, फिकी आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कमी असलेली. ती बाटलीत भरली त्याच दिवशी स्ट्राँग बिअरचं वर्ट तयार ठेवा. तळाला जो साईच्या रंगाचा घट्ट थर उरतो त्यात मिलिलिटरला ढोबळ 1 अब्ज पेशी धरा, म्हणजे 350 ते 450 मिली पुरतो. पूर्ण गाळावरच नवीन वर्ट ओतणारेही आहेत, चालतंही, पण मग जुना हॉप्सचा चोथा आणि मेलेल्या पेशी सगळं सोबत येतं आणि फेस असा उसळतो की एअरलॉक (झाकणावरचं गॅस बाहेर सोडणारं टोपण) छताला लागतो. जाड ब्लो-ऑफ नळी (फेस बाहेर वाहून नेणारी) लावूनच ठेवा. उलटा क्रम मात्र करू नका, स्ट्राँग बिअरमधून निघालेलं यीस्ट दमलेलं असतं. यातली जोखीम म्हणजे पहिल्या बॅचला काही लागण झाली असेल तर ती दुसरीतही जाणार, म्हणून गाळ काढायच्या आधी ती बिअर चाखून बघायची, आंबूस लागली तर गाळ फेकून सरळ पाकिटं फोडायची.

स्टार्टर किंवा गाळ वापरलात तर हवा भरपूर द्या, नुसत्या हवेने 8 पीपीएमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळतो, म्हणून 1.090 च्या वर शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर उत्तम. एल असेल तर तापमान तिन्हीकडे सारखंच: 17-18 डिग्रीला सुरू करा, पहिले तीन दिवस चढू देऊ नका, मग हळूहळू 21 पर्यंत जाऊ द्या.

तुम्ही पहिल्यांदाच करताय आणि वर्ट याच रविवारी उकळायचंय तर पाकिटं घ्या, तीन घ्या, एक उरलं तर फ्रिजमध्ये पडून राहील. तीन आठवडे थांबायची तयारी असेल तर आज साधी बिअर लावा.