साडेचौदा इंची पिन-वेल्ड की सरळ सोळा इंची बॅरल?

टेक्सासमधल्या एका मित्राला पहिली एआर-१५ रायफल घ्यायचीय आणि तो या दोनांत अडकलाय, म्हणून लिहितो.

आधी कायदा, कारण इथे चूक परवडणारच नाही. अमेरिकेत १९३४ च्या फेडरल कायद्यानुसार रायफलचं बॅरल किमान १६ इंच आणि पूर्ण लांबी किमान २६ इंच लागते, त्याखाली गेलं की आधी नोंदणी आणि मंजुरी, नाहीतर १० वर्षांपर्यंत तुरुंग. साडेचौदा इंची तेव्हाच चालतं जेव्हा पुढचा फ्लॅश हायडर (नळीच्या टोकाला बसणारा, गोळी सुटतानाची ज्वाला कमी करणारा तुकडा) पिन मारून वेल्ड केलेला असतो आणि तो धरून १६ भरतात, नुसता स्क्रू केलेला असेल तर मोजमापात धरतच नाहीत. माप बंद बोल्टच्या (बॅरल मागून बंद करणाऱ्या भागाच्या) तोंडापासून, बॅरलमध्ये रॉड घालून घ्यायचं. राज्याचा कायदा वेगळा बघायचाच.

हाताळायला साडेचौदा बरं, पुढचं वजन कमी लागतं, दारातून किंवा गाडीतून काढताना सोपं, पण खरं सांगू का, दोन्हींना सारखाच हायडर लावला तर फरक फक्त दीड इंचाचा आहे. गोळीच्या वेगातही फार काही जात नाही.

खर्च आणि झंझट मात्र साडेचौदाला जास्त, गनस्मिथचे पैसे, आणि उद्या गॅस ब्लॉक (बॅरलवरचा, गॅस मागे वळवणारा भाग) बदलायचा किंवा सप्रेसरसाठी (आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यासाठी) दुसरा माउंट लावायचा तर वेल्ड कापावं लागतं. सोळाला हे सगळं घरी, पान्याने होतं.

पहिलीच रायफल, रेंजवर जायचं, पुढे पार्ट बदलत राहणार, तर डोळे मिटून सोळा घे. सेटअप कायमचा ठरलाय आणि घरातल्या अरुंद जागेसाठीच हवी असेल तरच साडेचौदा.