लहान मुलांच्या घरात कुत्रा: लॅब, मुधोळ की गावठी?

घरात लहान मुलं आहेत, कुत्रा कुठला घेऊ, असं सोलापुरात कुणालाही विचारा, उत्तर येतं लॅब, म्हणजे लॅब्राडोर. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे मात्र शेवटी गावठी आली, आणि तसं का झालं हे सांगण्यासाठी हा खटाटोप.

पॉमेरियनचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पॉम म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. चलाख आणि देखणा, पण नाजूक हाडाचा. चार वर्षांच्या पोराने त्याला उचलायचं, पाडायचं आणि मग त्यानं चावायचं, हा क्रम मी नात्यातल्या घरांत पाहिला आहे. मुलं दहाच्या पुढची असतील तर जरूर विचार करा.

मुधोळबद्दल मला ममत्व आहे. विजापूरच्या पलीकडचाच तो, घोरपड्यांच्या संस्थानाने जपलेला. २००५ साली टपाल तिकिटावर आला, पुढे लष्करानेही घेऊन पाहिला. पण ही शिकारी जात, नजरेवर धावणारी. मांजर दिसलं की पट्टा धरणाऱ्याचा खांदा निखळायचा. शिवाय गोंगाट, ओढाताण त्याला सोसत नाही, आणि लहान मुलांच्या घरात दुसरं असतं काय? शेत असेल तर गोष्ट वेगळी. जुळे सोलापुरातल्या रो-हाउसमध्ये त्याला ठेवणं मला पटेना.

राहिले दोघे, लॅब आणि गावठी. मेव्हण्याची बदली झाली तेव्हा त्यांचा लॅब अख्खा उन्हाळा आमच्याकडे होता, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. स्वभावाला तोड नाही. धाकटा त्याला टेकून टीव्ही बघायचा, दंगा वाढला की कुत्रा स्वतःच उठून दुसऱ्या खोलीत जायचा. गुरगुरणं नाही, काही नाही. खाण्याचं मात्र अवघड. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बिघाड असतो, म्हणजे पोट भरल्याचं त्याला नीट कळतच नाही. मेव्हण्याचा तो त्यातलाच असावा. मुलांच्या हातून सांडेल ते त्याचं. आपल्या जिल्ह्यात घरोघरी द्राक्षं आणि बेदाणे असतात, आणि दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. मुलाच्या मुठीकडे सतत लक्ष ठेवावं लागायचं.

तरी हे सगळं चाललं असतं. चाललं नाही ते केसांचं.

लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचे, गार पाण्यात उतरणारे. म्हणून अंगावर दोन थर, वरचा राठ आणि आतला दाट मऊ. तो कोट घेऊन बिचारा ४३ अंशांच्या सोलापुरात आला की केस गाळणार नाही तर काय करणार? उन्हाचं कूलरवर भागलं. पण आपल्या घरात अंथरायला चादरी आणि पुसायला टर्किश टॉवेल, दोन्ही सोलापुरीच. लॅबचा आखूड केस टॉवेलच्या विणीत घुसला की धुतल्यावर निघत नाही, आणखी घट्ट बसतो. मुलाला आंघोळ घालून पुसावं, तर पाठीवर पुन्हा कुत्र्याचे केस. दुसऱ्यांदा धुवावं म्हटलं, तर नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. टाकीतलं पाणी पिण्याला ठेवायचं की चादरी खंगाळायला, यावरून आमच्या घरात रोज बोलाचाली व्हायची. कुत्रा जूनमध्ये परत गेला, केस दिवाळीपर्यंत निघत होते. कुणी म्हणेल, रोज ब्रश करा. केला. ब्रशमध्ये जेवढे यायचे तेवढेच गादीवर असायचे.

मग पूर्व भागातल्या ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यातून गावठी पिल्लू आणलं, मादी. केस तिचेही गळतात, नाही असं नाही, पण केरसुणीने निघतात. अंगाला वास कमी, त्यामुळे आंघोळ क्वचित. आखूड केसांत गोचीड लगेच दिसते, आणि गोचीडतापाच्या या दिवसांत मला हे फार मोठं वाटतं. मागांच्या खडखडाटात जन्मलेली असल्याने असेल किंवा स्वभावच तसा असेल, फटाक्यांनाही ती फारशी बिचकत नाही.

उणंही सांगतो. गावठी पिल्लू मोठं होऊन कसं निघेल याची लॅबइतकी खात्री कुणी देऊ शकत नाही. आमची पहिले काही महिने मुलांच्या पायजम्यांना लटकायची. ताटलीजवळ गेलेलं तिला अजून आवडत नाही, आणि मुलांचे मित्र आले की तिला मागच्या अंगणात ठेवावं लागतं. लॅबने त्याच पोरांचं दारात जाऊन स्वागत केलं असतं. तेव्हा तुमच्याकडे येणं-जाणं फार असेल, घरात बोअर असेल आणि केर काढायला माणूस असेल, तर लॅब खुशाल घ्या. एरवी मी गावठीकडेच झुकेन.

एक मात्र दोघांनाही लागू. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, विकणारा कितीही घाई करो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची, दोन्ही चुकवू नका. मुलं सहा-सात वर्षांची होईपर्यंत त्यांना कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, लॅब असला तरी. आणि गावठी आणणार असाल तर पिल्लाआधी त्याची आई बघा, तीही ती खात असताना. चार हात लांब उभं राहूनही ती दात दाखवत असेल, तर दुसरं वेत शोधा.