कुआला सेलांगोरचे काजवे पाहायचे तर वल्ह्याच्या होडीतूनच

मलेशियात क्वालालंपूरपासून सुमारे दीड तासाच्या अंतरावर असलेल्या कुआला सेलांगोर परिसरात सेलांगोर नदीवर काजवे दाखवणाऱ्या नौकाफेऱ्या रोज रात्री निघतात. आम्ही लागोपाठ दोन रात्री दोन वेगळ्या फेऱ्या केल्या. पहिली एका सहल कंपनीच्या पॅकेजमधली, इंजिनाच्या बोटीतून केलेली. दुसरी आमची आम्ही टॅक्सी ठरवून, कांपुंग क्वांतान या गावाच्या धक्क्यावरून, वल्ह्याच्या होडीतून केलेली. नदी तीच आणि काजवेही तेच असताना दोन्ही अनुभवांत इतके अंतर पडले की, मराठी प्रवाशांना त्यामागचे कारण नीट सांगावे असे वाटले.

काजवा हा माशीच्या नव्हे, भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक आहे. त्याच्या लॅम्पिरिडी या कुळात जगभर दोन हजारांहून अधिक जाती आहेत. सेलांगोर नदीकाठचा काजवा त्यांपैकी टेरोप्टिक्स या प्रजातीतला, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटातला असून त्याचे शास्त्रीय नाव टेरोप्टिक्स टेनर असे आहे. टेरोप्टिक्स या ग्रीक नावाचा अर्थ ‘दुमडलेले पंख’ असा होतो. या प्रजातीतल्या बहुतेक जातींच्या नरांच्या कडक वरच्या पंखांची टोके खाली मुडपलेली असतात, आणि वर्गीकरण करणारे अभ्यासक आधी ही मुडप पाहतात. मादीला मात्र भिंगातून पंख तपासण्याची सोय नसते. तिला आपला नर ओळखायचा असतो तो त्याच्या उजेडाच्या ठेक्यावरून. येथील नर सेकंदाला साधारण तीन वेळा, आणि तेही सगळे एकदम, लुकलुकतात. याच प्रजातीतल्या टेरोप्टिक्स मलाक्की या जातीचा थायलंडमध्ये अभ्यास करून जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने १९६८ मध्ये दाखवून दिले की, तिच्या दोन लुकलुकींमध्ये सुमारे ०.५६ सेकंदाचे अंतर असते आणि ते जवळजवळ ढळत नाही. जवळच्या नात्यातल्या दोन जाती अशा ठेक्यानेही वेगळ्या ओळखता येतात. अंधार नसेल तर हा निरोप कोणाला पोचणार?

पहिल्या रात्री नेमके हेच बिघडले. आमच्या बोटीचा चालक प्रत्येक झाडावर प्रखर टॉर्च मारून “पाहा, इथे आहेत” असे दाखवत होता, प्रवाशांचे फ्लॅश थांबत नव्हते आणि इंजिनाच्या घरघरीत शेजारच्याचे बोलणेही कळत नव्हते. टॉर्च पडला की झाडावरची लय विस्कटे, आणि ती पुन्हा जुळण्याआधीच बोट पुढे निघालेली असे. कंपनीला मी हे लेखी कळवले. उत्तर आले नाही.

दुसऱ्या रात्री आठच्या सुमारास आम्ही कांपुंग क्वांतानच्या धक्क्यावरून निघालो. लाकडी होडीत चार प्रवासी आणि मागे एक वयस्क नावाडी. मलय भाषेत काकांना म्हणतात तसे आम्हीही त्यांना ‘पाकचिक’ म्हणत होतो. त्यांनी फ्लॅश बंद ठेवायला सांगितले आणि त्यानंतर जवळजवळ बोललेच नाहीत. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले आणि काठावरचे एक अख्खे झाड एका ठेक्यात उजळताना-विझताना दिसू लागले. वल्हे पाण्यात शिरण्याचा आवाज तेवढा येत होता. त्या झाडाला तिथे बेरेंबांग म्हणतात. आपल्या कोकणातल्या खाड्यांवरची पांढरी चिप्पी, जिला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला, ती याच झाडाच्या प्रजातीतली आहे. खाडीकाठी वाढलेल्या माझ्या आईने अंधारातही पानांचा पोत हाताला लागताच ते ओळखले, याचा मला विलक्षण आनंद झाला.

परतताना एक काजवा तिच्या बाहीवर येऊन बसला. तांदळाच्या दाण्याएवढा तो जीव, पण तिच्या मनगटावरच्या घड्याळाची काच उजळत होती. पोटाखाली उजेडाचा एकच पट्टा होता, म्हणजे ती मादी होती. नराला असे दोन पट्टे असतात. आईने हात तसाच धरून ठेवला आणि ती आपली आपण उडून गेली.

भंडारदऱ्याला वळवाच्या पावसानंतर जेमतेम दोन-तीन आठवडे काजवे दिसतात, तसे येथे नाही. विषुववृत्ताजवळच्या हवामानामुळे ते वर्षभर असतात, आणि म्हणूनच हा देखावा कायमचाच आहे, असा गैरसमज होण्याची भीती वाटते. यांच्या अळ्या काठामागच्या ओल्या जमिनीत छोट्या गोगलगायी खाऊन वाढतात. त्यामुळे झाडे राखून मागची जमीन तेलताडाच्या लागवडीखाली घातली तरी पुढची पिढी उपाशी मरते. २०१० मध्ये जगभरच्या काजवा-अभ्यासकांनी संवर्धनाचा जाहीरनामा केला, तो याच सेलांगोर राज्यात.

जाणाऱ्यांनी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावेत आणि पाऊस असेल तर दुसरा दिवस धरावा. अंगभर कपडे घालावेत, डास बरेच असतात. टॅक्सी परतीसाठी थांबवून ठेवावी, कारण रात्री गावातून वाहन मिळवणे अवघड जाते. फेरी अर्ध्या तासाहून थोडी अधिक चालते. पॅकेज घ्यायचेच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी बोट वल्ह्याची आहे की इंजिनाची, एवढे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.